प्रज्ञा मेश्रामचं ‘भुयार’

आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी तो कॅन्टीन शोधायचा. प्रज्ञा मेश्रामनं पहिल्या दिवशी एसीतला बिघाड शोधला. माझ्या शेजारच्या टेबलावर पर्स ठेवत, अजून नावही न सांगता ती म्हणाली, “ताई, तुमच्या डोक्यावरचा पंखा तिरपा फिरून राहिला आहे.” मी वर पाहिलं. वर पांढरंशुभ्र छत होतं, पंखाबिंखा काही नव्हता. तो त्या छताच्या आत, एसीच्या पत्र्याच्या बोगद्यात कुठेतरी होता आणि तिथून त्याचा जो काही आवाज येत होता तो आमच्यापैकी कोणालाही ऐकू येत नव्हता. नागपूरची मुलगी आहे, पुण्याची हवा बाधली असेल, असं मी मनात म्हटलं. महिना संपायच्या आत तो पंखा खडखडत बंद पडला आणि आम्ही सगळे घामाघूम होऊन बसलो. प्रज्ञानं ‘मी सांगितलं होतं’ असं तोंडानं म्हटलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला ते जास्त लागलं.

हिंजवडीतल्या त्या कंपनीत मी सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहायचे आणि ती टेस्टिंगमध्ये होती. म्हणजे प्रोग्रॅमरनी केलेल्या कामात चुका शोधणं हा तिचा पगारी धंदा, आणि तिला तो देवानं दिल्यासारखा शोभायचा. देव हा शब्द ती मात्र चालू द्यायची नाही. उंचीनं बेताची, केस घट्ट बांधलेले, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन मारून बसवलेली आणि गळ्यात ओळखपत्र. ते ओळखपत्र ती बसमध्येही काढायची नाही. आणखी एक खोड म्हणजे दिसेल त्या वस्तूवर नखानं टकटक करणं. पाण्याची बाटली, बसची काच, माझ्या डब्याचं झाकण. एकदा मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलणी खाताना तिनं त्याच्या टेबलावर टकटक केलं आणि “प्लाय आहे, सागवान नाही” असं मला बाहेर येऊन सांगितलं.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. काही चुकलेलं असलं की ती म्हणायची, “खोटं वाजून राहिलं.” मग ते सॉफ्टवेअर असो, कॅन्टीनच्या सांबाराबद्दलचं कौतुक असो, नाहीतर मॅनेजरचं ‘तुमच्या मेहनतीची कंपनीला जाणीव आहे’ असो.

एकदा एक काम अमेरिकेला पाठवायचं होतं आणि आदल्या दुपारी तिला त्यात एक चूक सापडली. अगदी आडवाटेची, हजारात एखाद्याला लागेल अशी. मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, “प्रज्ञा, क्लायंटला हे दिसणारसुद्धा नाही. पुढच्या वेळी नोंदवू.”

“सर, त्याला दिसणार नाही. पण मला दिसलं ना. मग मी काय लिहू, की मी पाहिलंच नाही?”

काम लांबलं, सगळ्यांचा शनिवार-रविवार बुडाला आणि प्रोग्रॅमरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं एकटीनं डबा खाल्ला. नंतर कधी ती चूक झाकून ठेवली असती तर बरं, असं तिच्या बोलण्यात आलं नाही. मला आपलं वाटायचं, हिला थोडी खोटं बोलायची शिकवणी लावावी. सदाशिव पेठेत कशाकशाचे क्लास आहेत, ह्याचाही असेल.

तिचं दुसरं आयुष्य मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. आम्ही दोघी सिंहगड रस्त्याच्या बसला, ती आधी त्याच रस्त्यावरच्या हॉस्टेलमध्ये आणि पुढे धायरीला राहायची, मी अलीकडे. एका संध्याकाळी तिनं इयरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. मला वाटलं, वॉशिंग मशीनमध्ये कोणीतरी कोंडलं गेलंय आणि आतून दार वाजवतंय. धडधड, धडधड, खाली काहीतरी घुमतंय, वर काहीतरी किंचाळतंय.

“हे काय आहे?”

“डार्क ट्रान्स. नाचायचं संगीत असतं, ताई.”

“ह्यावर नाचतात? पळून जात नाहीत?”

ती हसली. “तुमचा पाय पाहा ना.” माझा पाय हलत होता. मी तो थांबवला.

हे संगीत तीच करायची, खोलीवर, कॉम्प्युटरवर. तिचे मामा नागपुरात भीमगीतांच्या कार्यक्रमात कीबोर्ड वाजवायचे. लहानपणी ती स्टेजवर त्यांच्या मागे, स्पीकरच्या खोक्याला पाठ टेकून बसायची. सगळे लोक समोरून गाणं ऐकायचे, हिनं ते पाठीतून ऐकलं. हे आवाज तेव्हापासून अंगात गेले, असं ती सांगायची. ह्यातलं संगीत मला आजही फारसं कळत नाही. पण ती जेव्हा त्याबद्दल बोलायची तेव्हा तिच्या तोंडावर जे यायचं ते मला कळायचं, आणि थोडा हेवाही वाटायचा.

धायरीचं घर तिला कसं मिळालं हेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या घरातून आलं. हॉस्टेलमध्ये स्पीकर लावता येत नव्हते म्हणून तिला स्वतंत्र जागा हवी होती. सदाशिव पेठेत माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची खोली रिकामी होती. मी तिला घेऊन गेले. चहा झाला, पाणी किती वाजता येतं ते सांगून झालं, आणि मग गृहस्थांनी विचारलं, “मेश्राम म्हणजे नागपूरकडचे. म्हणजे... कोण आपण?”

“आम्ही बौद्ध. खोलीला वेगळा मीटर आहे का?”

“विचार करून कळवतो,” ते म्हणाले. ते अजून विचार करताहेत. खाली उतरल्यावर मला तिच्याकडे बघवेना. मी चिडून म्हटलं, “अगं, नुसतं प्रज्ञा सांगायचंस. आडनाव नंतर कागदावर आलं असतं.” ती चप्पल घालता घालता थांबली. “माझ्या बाबांनी पाटबंधारे खात्यात पूर्ण नावानं नोकरी केली, ताई. साहेब लोक आडनाव ऐकून पाणी वेगळं ठेवत, तरी दारावरची पाटी पूर्ण होती. अर्धं नाव सांगणारा काहीतरी लपवून राहिला असतो, असं म्हणतात ते. मी काहून लपवू?”

धायरीत मग तिला एक फ्लॅट मिळाला. स्वस्त, हवेशीर, आणि बाल्कनीच्या अगदी नाकासमोर विजेची डीपी. त्या राखाडी ट्रान्सफॉर्मरमुळेच तो कोणी घेत नव्हतं. प्रज्ञानं घेतला. जिला छतातला पंखा ऐकू येतो ती डीपीशेजारी कशी राहील, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तिला पडायला हवा होता. दोघींनाही पडला नाही.

आता निखिल. कोरेगाव पार्कातला मुलगा, दिसायला देखणा, बोलायला लाघवी, आणि पोस्टरवर त्यानं परदेशी वाटणारं एक नाव घेतलं होतं. तो पार्ट्यांमध्ये संगीत वाजवायचा आणि त्यातलं बरंचसं प्रज्ञानं केलेलं असायचं. सुरुवातीला ‘दोघांचं नाव लावू’ असं ठरलं होतं. ते ठरलेलंच राहिलं. प्रज्ञाला मोठ्या स्पीकरवर आपलं काम ऐकायला मिळत होतं आणि तेवढ्यावर ती खूश होती. मी नव्हते.

मग तिनं ‘भुयार’ केलं. धायरीच्या घरातलं पहिलं काम. कित्येक महिने ती बसमध्ये झोपायची ते ह्याच्यामुळे. निखिलनं ते पोर्तुगालमधल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीला पाठवलं आणि त्यांचं उत्तर आलं: आवडलं, एकट्या गाण्याची सिंगल रेकॉर्ड म्हणून काढतो, सगळे आवाज नीट बसवलेला शेवटचा पक्का मिक्स पाठवा आणि सोबत त्याचाच एक वेगळा, आल्टरनेट मिक्सही द्या. प्रज्ञानं नागपूरला बाबांना फोन केला. फोन स्पीकरसमोर धरून ते संगीत ऐकवलं. “बाबा, माझं नाव येणार रेकॉर्डवर.” बाबांनी ती बातमी सगळ्या वस्तीत सांगितली. हे ती मला बसमध्ये सांगत होती तेव्हा खिडकीवर टकटक करणं विसरली होती.

चार-सहा दिवसांनी निखिलनं तिला सहज सांगावं तसं सांगितलं, की सध्या ते माझ्या एकट्याच्याच नावानं पाठवलंय, त्यांना मीच माहीत आहे ना, नंतर बघू.

त्या संध्याकाळी बसमध्ये तिनं ते मला एका वाक्यात सांगितलं. मीच बडबडत होते, की वकील बघू, पोर्तुगालला पत्र लिहू, त्याच्या घरी जाऊ. वडगावचा पूल आला तेव्हा ती म्हणाली, “ताई, बाबांना काय सांगू?” तिला रेकॉर्ड, पैसा, प्रसिद्धी ह्यातलं काही लागत नव्हतं. बाबांना शब्द दिला होता, तो खोटा पडायची वेळ आली होती. तिला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतरच्या गुरुवारी आम्हाला रविवारी काम केल्याची भरपाई सुट्टी होती. मी पोहे घेऊन तिच्याकडे गेले. गुरुवारी वीज जाते हे पुण्यात दूधवाल्याइतकं ठरलेलं, आणि ते लोडशेडिंगचे दिवस म्हणजे बोलायलाच नको. ‘भुयार’ स्पीकरवर चालू होतं. तेवढ्यात पंखा थांबला, फ्रीज थांबला, साऱ्या धायरीची वीज गेली. कॉम्प्युटर आणि स्पीकर तेवढे इन्व्हर्टरवर चालू राहिले.

प्रज्ञा खुर्चीत ताठ झाली. तिनं तेच संगीत परत लावलं. परत लावलं. मग उठून बाल्कनीत गेली आणि डीपीकडे बघत उभी राहिली.

“काय झालं गं?”

“ताई, ट्रॅक पोकळ आहे.”

मला काही कळेना. तिनं मला स्पीकरसमोर बसवलं. धडधड होती, किंचाळणं होतं, पण खाली जे घुमायचं, पोटात उतरायचं, ते गेलं होतं. खालची जमीन काढून घ्यावी तसं. आम्ही वीज यायची वाट बघत बसलो. पोहे गार झाले. दुपारनंतर केव्हातरी वीज आली, आणि बाहेरची डीपी एका सुरात ‘हुंऽऽ’ करायला लागली. आता मलासुद्धा ऐकू आलं. ‘भुयार’ पुन्हा भरलं.

महिनोन् महिने ती त्या घरात बसून काम करत होती आणि डीपीचा सूर कानाला इतका सवयीचा झाला होता की तो आपल्या संगीतातलाच आहे असं ती धरून चालली होती. खालचा बेस, तो घुमणारा आवाज, जास्त वाटतोय म्हणून तिनं तो कमी करत आणला, कमी करत आणला. तो बेस तिचा नव्हताच, वीज मंडळाचा होता. छतातला पंखा ऐकणाऱ्या मुलीनं बाल्कनीतला ट्रान्सफॉर्मर ऐकला नाही. निखिलनं ते लॅपटॉपवर ऐकलं होतं, त्याला कळायचा प्रश्न नव्हता. पोर्तुगालवाल्यांना वाटलं असेल, कच्चं आहे, पक्कं पाठवतील.

मला आनंद झाला, लपवत नाही. “उत्तम! जाऊ दे त्याला तसंच. मोठ्या स्पीकरवर त्याच्या नावानं पोकळ वाजू दे. चारचौघांत तोंडावर पडेल, मग येईल तुझ्याकडे.”

प्रज्ञानं फोन उचलला आणि माझ्यासमोर निखिलला सांगितलं, “ट्रॅकमध्ये चूक आहे. माझी आहे. पाठवू नको, दुरुस्त करून देते.”

बदल्यात काही मागितलं नाही. एक अक्षर नाही. मला तिच्या हातातला फोन हिसकावून घ्यावासा वाटला. “अगं, तुझं नाव तरी मागून घे! हीच वेळ होती!”

“मला दिसलं ना, ताई.”

“त्यानं चोरलंय ते!”

“म्हणून ते खोटं वाजू देऊ का? ते त्याचं नाही, माझं आहे.”

माझा राग काही जात नव्हता. मी गार पोहे डब्यात भरले आणि घरी आले.

दुरुस्ती तिनं हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीच्या भावाच्या खोलीत, डीपीपासून लांब बसून केली. निखिललाही कुठेतरी टोचलं असावं, किंवा हिच्याशिवाय आपलं भागणार नाही हे कळलं असावं. तो म्हणाला, आल्टरनेट मिक्स तुझ्या नावानं देऊ. मूळ गाणं जिचं, तिला तिच्याच गाण्याच्या दुसऱ्या रूपावर नाव. मी कपाळाला हात लावला. प्रज्ञानं मात्र एकच अट घातली: नाव पूर्ण, आडनावासकट.

“अगं, मेश्राम वगैरे कशाला? नुसतं प्रज्ञा भारी वाटतं, मिस्टिक,” निखिल म्हणाला. ती म्हणाली, “पूर्ण.” तो म्हणाला, “बघतो.”

त्यानं काय बघितलं ते महिन्याभरानं कळलं. कव्हरचं चित्र आलं. ‘भुयार’खाली त्याचं ते परदेशी नाव आणि आल्टरनेट मिक्सखाली इंग्रजीत ‘प्रज्ञा एम.’ तिनं पोर्तुगालला स्वतः लिहिलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं की कव्हरं छापून झाली आहेत, क्षमस्व. आणि त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला, रविवारी येतो, रेकॉर्ड बघायला. तिनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

पुढे प्रज्ञा नव्या नोकरीसाठी पुणं सोडून बंगळूरला गेली, त्याच्या आधीचा तो शेवटचा रविवार. रात्री दहानंतर पोलीस स्पीकर बंद करतात म्हणून ‘भुयार’च्या प्रकाशनाची पार्टी भर दुपारी होती, सिंहगडाच्या बाजूला एका शेतावर. मी माझी मारुती घेतली, कारण दोघा बापलेकींना एकटं सोडायची मला भीती वाटत होती. मेश्राम काका मागे बसले होते. फिकट निळा सफारी, खिशाला पेन, पॉलिश केलेले बूट. त्या चिखलवाटेवर, त्या फाटक्या जीन्सच्या गर्दीत ते एखाद्या धरणाच्या तपासणीला आल्यासारखे दिसत होते. एका मुलानं त्यांना वाकून विचारलं, “अंकल, पार्किंग तुमचं का?” त्यांनी सांगितलं, “नाही. मी प्रज्ञाचा बाप.”

प्रज्ञा माझा दंड धरून उभी होती. “कव्हर त्यांना दिसलं तर, ताई?” मी म्हटलं, कव्हरं पुढच्या टेबलावर आहेत, काका मागे आहेत.

निखिलनं माईक घेतला. “हे माझं नवं सिंगल. ‘भुयार’!” शेत हादरलं. खरंच हादरलं, माझ्या चपलेतून ते वर आलं. आता त्यात काही पोकळ नव्हतं. काका मान कलती करून ऐकत होते. मग ते माझ्या कानाशी आले.

“हे तर प्रज्ञानं मले फोनवर ऐकवलं होतं. तो पोरगा माझं म्हणून काहून सांगून राहिला?”

मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिनं ते ऐकलं होतं. तिनं माझा दंड सोडला आणि गर्दीत शिरली. सरळ, कोणाकडे न बघता, निखिलच्या टेबलाकडे. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन केलेली, गळ्यात ओळखपत्र. मला वाटलं, आता माईक घेते. घे, मी म्हणत होते, बहुतेक मोठ्यानं म्हणत होते. निखिलनं तिला येताना पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याचा हात माईकवर गेला आणि तिथंच थांबला. ती टेबलापाशी पोचली. हात पुढे केला. एक बटण किंचित उलटं फिरवलं. क्षणभर ऐकलं. आणि परत आली.

“काय म्हणाली त्याले?” काकांनी विचारलं.

“काही नाही, बाबा. बेस फाटून राहिला होता.”

काकांना सगळं कळलं होतं, आता कोणी सांगायची गरज नव्हती. प्रज्ञानं मान खाली घातली. “बाबा, रेकॉर्डवर माझं नाव...”

ट्रॅक संपला. स्पीकर गप्प झाले. निखिलनं माईक तोंडाशी नेला, नेहमीचा लाघवी आवाज काही लागेना. “आता ह्याचाच आल्टरनेट मिक्स. केलाय... प्रज्ञानं.”

“मेश्राम!”

माझ्या कानठळ्या बसल्या. तेवढ्या शांततेत, मागून, सरकारी कचेरीत बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत पुकारा जावा अशा आवाजात काका ओरडले होते. सगळी गर्दी वळली. काका टाचा उंच करून उभे होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. “पूर्ण नाव सांगा! प्रज्ञा मेश्राम!”

पोरांना काय कळलं कोण जाणे. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्यानं आरोळी दिली, आपण मागे का राहायचं. पुढून एक जण ओरडला, “मेश्राम!” मग त्याच्या बाजूचे, मग सगळेच. हात वर करून, उड्या मारत, “मेश्राम! मेश्राम!” सदाशिव पेठेत ज्या नावावर विचार चालू होता ते नाव सिंहगडाच्या पायथ्याशी शेकडो तोंडी गर्जत होतं. मी रडत होते आणि ओरडतही होते. निखिलनं एकदा आजूबाजूला पाहिलं, आणि माईकमध्ये स्वच्छ म्हणाला, “प्रज्ञा मेश्राम.” मग त्यानं मिक्स सुरू केला.

प्रज्ञा तो ऐकत नव्हती. तिचा मिक्स एवढ्या मोठ्या स्पीकरवर पहिल्यांदा वाजत होता आणि तिची पाठ त्याच्याकडे होती. काकांना ओरडून ठसका लागला होता. त्यांच्या सफारीची कॉलर एका बाजूनं मुडपली होती, ती नीट करत ती म्हणत होती, “पुरे ना, बाबा. घसा बसेल तुमचा.”